मागेल तेवढीच हवा

हेमांगी मढवीनं पिशवीतून काढला
तेव्हा तो टॉवेलात गुंडाळलेला होता,
दवाखान्यातून बाळ घरी आणतात तसा.
दोन नळ्यांचा रेग्युलेटर, पितळी, ताटलीएवढा,
नळ्या सुक्या बोंबलासारख्या कडक.
"बाबांचा," म्हणाली. "चालेल का बघा."

दिवाळे गावात, बर्फाच्या गाळ्यावरच्या माळ्यावर
माझं दुकान. खाली लाद्या फुटतात,
वर मी, आयटीआयची इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक,
लोकांचे श्वास उघडून बसलेली.

काथोड मढवी खाडीपुलाचे खांब तपासायचे.
त्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही.
काँक्रीट बोटांनी वाचायचं :
इथं चीर, इथं कालवं, इथं कुणाचं तुटलेलं जाळं.
वर आले की घरादाराला दम द्यायचे,
हेमांगी सांगते, हसते,
आणि हसणं अर्ध्यावर ठेवते.

कडेच्या चिमट्या एकेक उचकटल्या, न वाकवता.
अशा आता मला कुठं मिळत नाहीत.

आत कुंकू.
झाकणाच्या भोकांतून झिरपलेलं,
वीस-बावीस खंडेनवम्यांचं, पडद्यावर घट्ट बसलेलं.
झेंडूची एक पाकळी. झुरळाची अंडी.
दरवर्षी कोयता, जाळं विणायची सुई आणि हा,
पाटावर शेजारी शेजारी.
बाहेरून चिंचेनं घासून समईसारखा लख्ख,
आतून कळकलेला,
पितळेत ताक विसरावं तसा.

व्हिनेगर, कोमट पाणी, घड्याळ लावून दहा मिनिटं.
जास्त ठेवलं तर पितळातलं जस्त निघून जातं,
उरतं ते गुलाबी, खाडीतल्या रोहितांच्या रंगाचं,
आणि ठिसूळ.

सीट म्हणजे नखाएवढी चकती.
तिच्यावर एकच रेघ, सुईनं ओढल्यासारखी.
रबाळ्याच्या तांडेलांकडून लेथवर नवी कातून आणली.
दोनदा चुकली.

याचा स्वभाव तसा सरळ, मी हेमांगीला सांगितलं.
मागितली तरच हवा देतो, मागाल तेवढीच.
ओढ थांबली की दार बंद.
"बाबांचं उलटं," ती म्हणाली.
"न मागता आणायचे. मागितलं की नाही."

सिलिंडर जोडला. सुई नऊवर टेकली.
पुढचं काम नुसतं बघण्याचं :
केसभर जरी चढली, तरी सीट धरत नाही.
पहिल्या रात्रीनंतर दहा. परत उघडला.
दुसऱ्या रात्रीनंतर साडेनऊ. परत.
तिसऱ्या सकाळी नऊ.
काच बोटानं टिचकावून पाहिली. नऊच.
मग चहा टाकला.

सिलिंडर खुर्चीच्या पाठीला बांधला, तिला बसवलं.
नवं माउथपीस, नाकाला चिमटा.
"घ्या. इथंच, कोरड्यात."
तिनं ओढला. नळी झोपेतल्या माणसासारखी गुरगुरली.
मग ती थांबली.
छाती भरून, डोळे भरून, तशीच.

आपल्यात धीर द्यायला म्हणतात, दम धर.
पाण्याखाली पहिला नियमच उलटा :
दम धरायचा नाही.
धरून वर आलात तर फुप्फुस फाटतं.
"सोडा," मी म्हणाले. "सोडत राहायचा."

हवा तिच्या मानेमागून निघाली.
मानेवरचे केस हलले.

जुने भाग मी गिऱ्हाइकाला परत देते.
रेघ पडलेली सीट, दोन नळ्या,
कुंकू, कागदाच्या पुडीत.
आणि जुनं माउथपीस :
दातांचे खळगे दोन्हीकडं,
डावा जास्त खोल.
तिनं तो अंगठ्यानं चाचपला,
मग तोंड मिटून, गालाच्या आत,
जिभेनं आपल्या डाव्या दाढा.

"किती झाले?"
बिलावर मी लिहिलं, खाडीत वापरू नये.
चुकलेल्या दोन सीटांचे पैसे
धरले नव्हते.